सत्तावीस नंबरचं चाक

निकालाचा कागद टेम्पोच्या मागच्या फळीला चिकटपट्टीने लावला होता आणि वाऱ्याने त्याचा एक कोपरा सारखा उचलला जात होता. तो अंगठ्याने दाबून धरत मी महिला गटाची यादी वाचली. तिसऱ्या ओळीत माझा नंबर. चौथ्या ओळीत २७. दोघींच्या एकूण वेळेत फरक चार सेकंदांचा. तीन दिवस, तीन वेगळ्या शर्यती, सगळ्या वेळांची बेरीज आणि शेवटी हातात उरले ते हे चार सेकंद. पहिल्या तिघींना रोख बक्षीस होतं, चौथीला काही नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा २७ नंबर समोरच्या फुटपाथवर बसून बूट काढत होती. उठून अनवाणीच आली, माझा फोन मागून घेतला आणि म्हणाली, "ताई, पाकीट जरा वर धरा की, दिसंना." दोन फोटो काढले, नीट आलेत ना ते स्वतः बघितलं आणि मगच फोन परत दिला.

पाकिटातले पैसे कधीच खर्च झाले. सायकलला नवी चेन आणि मागचा टायर घेतला. ते चार सेकंद मात्र डोक्यातून जात नाहीत.

मी मुलुंडला राहते, फोर्टात बँकेत नोकरी करते. सायकल चालवायची तर आमच्याकडे पहाटेशिवाय वेळ नाही आणि हायवेशिवाय रस्ता नाही. पावणेपाचला खाली उतरायचं, वॉचमन अर्धवट झोपेत फाटक उघडतो, आणि पूर्व द्रुतगती मार्गावर दुधाच्या गाड्या आणि दादरला निघालेले भाजीचे टेम्पो यांच्या डाव्या अंगाने चालू पडायचं. भांडुप-कांजूरला मिठागरांवरून ओला, खारट, थोडा कुजका वास येतो. विक्रोळीला खारफुटीमुळे हवा एकदम गार होते. प्रत्येक उड्डाणपुलावर सांधे किती आणि त्यातला कोणता दात हलवणारा, हे माझ्या मनगटांना पाठ आहे. चढाचा सराव हवा असेल तर येऊर, नाहीतर घोडबंदरला गायमुख. सात वाजता घरी, आठच्या आत लोकलमध्ये. असा सराव करणारी माणसं मुंबईत बरीच आहेत आणि त्यांतली बहुतेक आयुष्यात कधी शर्यत लावत नाहीत. मी लावली, कारण मला बघायचं होतं की पहाटेची ही दोन तासांची धाव सलग तीन दिवस टिकवता येते का. एका दिवसाची शर्यत म्हणजे असेल नसेल ते सगळं ओतून मोकळं व्हायचं. अनेक दिवसांच्या शर्यतीत रोजची वेळ कालच्या वेळेत मिळवली जाते. काल हरवलेलं आज आपोआप पुसलं जात नाही, आणि काल मिळवलेलं आज घालवता येतं.

पहिला दिवस टाइम ट्रायलचा. दर मिनिटाला एकेकीला सोडतात. मागून एक माणूस सॅडल धरून उभा असतो, आपले दोन्ही बूट पेडलला अडकवलेले, आणि समोरचा पंच एकेक बोट मिटत पाच मोजतो. त्यानंतर आपण आणि हवा. सपाट रस्त्यावर ताशी तीस-पस्तीसच्या पुढे गेलं की पायांतली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. वेग दुप्पट करायचा म्हटलं तर एकट्या हवेसाठी आठपट ताकद लागते. म्हणून जो तो अंग चोरतो, पाठ आडवी करतो, कोपरं आत घेतो. माझ्या सायकलला त्यासाठी एअरोबार लावलेले आहेत. कोपरं टेकायला दोन गाद्या आणि पुढे धरायला दोन नळ्या, बस एवढंच. पण त्यांवर ओणवं झालं की छातीवर येणारा वारा खांद्यांवरून निघून जातो. २७ नंबर माझ्या पुढेच रांगेत होती म्हणून तिची सायकल मला नीट बघता आली. साधं हॅण्डल, साधी चाकं. फ्रेम तिच्या मापाची नव्हती, कुणा बुटक्या माणसाची असावी, कारण सीटपोस्ट शेवटच्या खुणेपर्यंत वर ओढलेला होता. उजव्या बुटाची पट्टी तुटलेली, आणि तिच्या जागी जुन्या ट्यूबचं कापलेलं रबर दोन वेढे देऊन घट्ट बसवलेलं.

संध्याकाळी वेळा लागल्या. मी तिच्या १४ सेकंद पुढे होते.

सायकलच्या इतिहासात या नळ्यांची एक गोष्ट प्रसिद्धच आहे. टूर द फ्रान्स या अनेक दिवसांच्या शर्यतीत १९८९ साली शेवटच्या दिवशी लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता आणि व्हर्साय ते पॅरिस अशी साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल तेवढी उरली होती. मागे असलेल्या ग्रेग लेमाँडने तेव्हा नवेच असलेले एअरोबार लावले होते, डोक्यावर निमुळतं हेल्मेट होतं. फिन्यों हेल्मेटशिवाय गेला, पोनीटेल वाऱ्यावर उडत होती. ३,२८५ किलोमीटरच्या शर्यतीचा निकाल ८ सेकंदांनी लागला आणि तो लेमाँडच्या बाजूने. फिन्योंने ही शर्यत त्याआधी १९८३ आणि १९८४ अशी दोनदा जिंकली होती, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो आठ सेकंदांनी हरलेला माणूस म्हणून. मी ही गोष्ट सायकलच्या ग्रुपवर मोठ्या कौतुकाने सांगत आले आहे. तंत्राची कमाल म्हणून. १४ हा आकडा बघितला तेव्हाही मला तीच आठवली, फक्त या वेळी माझी नजर फिन्योंच्या बाजूला वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कळतं की आपण कशात नाव दिलं आहे. मांड्यांत शिसं भरलेलं, मनगटं सुजलेली, आणि पुढ्यात सगळ्यांत लांब शर्यत. अशा मालिकेत पाय जेवढं शिकतात तेवढंच पोट आणि झोपही शिकते. शर्यत संपल्यावर घाम वाळायच्या आत खायचं, भूक नसली तरी. मी वरणभात, तूप, मीठ आणि लिंबू यांवर पूर्ण विसंबते. चमचा बाजूला ठेवून हाताने भराभर खाते. संध्याकाळी कुणाशी गप्पा नाहीत, पाय भिंतीला लावून पडायचं, नऊला दिवा बंद. सायकलवर असताना भूक लागायची वाट बघायची नाही, कारण जोरात चालवलं तर स्नायूंतली साठवलेली साखर दीड-दोन तासांत तळाला जाते. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत असं म्हणतात, म्हणजे साधारण एक-दोन केळी. चालत्या सायकलवर, धाप लागलेली असताना, केळ्याचा तोबरा गिळणं हे एक वेगळंच कौशल्य आहे आणि ते मला आवडतं. चोख खाल्लेल्या, चोख झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जे मिळतं ते गुर्मीत चालवणाऱ्याला मिळत नाही. पुरुषांच्या गटात पहिल्या दिवशी छाती काढून फिरणारे दोघे दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसलेले मी पाहिले आणि मला त्यांचं वाईट वाटलं, कारण पायांत काही कमी नव्हतं.

ती लांब शर्यत मुरबाडच्या पुढे, टोकावड्यावरून माळशेजच्या पायथ्याकडे जाऊन परत. सुटायला साडेनऊ वाजले. आधी पुरुषांचे गट, मग आम्ही, आणि पुरुषांच्या घोळक्याच्या आडोशाला जायची आम्हाला मनाई. जाताना सगळं सुंदर होतं. शेतं कापून झालेली, भाताच्या खुंटांवर बगळे, मध्येच वीटभट्टीचा धूर, पळस नुकता पेटायला लागलेला, आणि समोर सह्याद्रीची भिंत सावकाश मोठी होत जाणारी. वैशाखऱ्याच्या आसपास नाणेघाटाजवळचा नानाचा अंगठा हा सुळका दिसायला लागला तेव्हा मी आघाडीच्या घोळक्यात होते आणि मला गायचं होतं. परतीच्या वळणानंतर दिवस तापला आणि वारा समोर आला. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते; सायकल चालवणाऱ्या मुंबईकराला त्यांचा अर्थ अंगावर कळतो. दिवस चढला की समुद्राकडून वारा आत शिरतो आणि आपण तर पश्चिमेकडेच, घराकडेच निघालेलो असतो. पुढच्या दोघींनी एका छोट्या चढावर जोर लावला. माझ्या पुढच्या चाकात आणि त्यांच्या मागच्या चाकात हातभर फट पडली, मग सायकलभर, मग एका बसइतकी. हातभर फट म्हणजे आडोसा गेला. दुसऱ्याच्या चाकाला चिकटून चालवलं तर पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. ते चाक सुटलं की सगळा वारा एकटीच्या छातीवर.

मी एकटी किती वेळ चालवत होते सांगता येत नाही. रस्त्यावर टोमॅटोचा टेम्पो, शाळेतून सुटलेली पोरं, एका टपरीवर तळणाचा वास. मान खाली. मग मागून फ्रीव्हीलची किरकिर ऐकू आली आणि उजव्या बाजूने तो रबर गुंडाळलेला बूट पुढे सरकला. तिला वळणाजवळ पंक्चर झालं होतं, ते काढून एकटीने वारा कापत ती इथवर पोचली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, मागं बसा. वारं लई हाय."

मी तिच्या १४ सेकंद पुढे होते आणि हे तिला माहीत होतं. मला तिथेच सोडून ती गेली असती तर तो फरक पुढच्या दोन किलोमीटरमध्ये मिटला असता. मी मागे बसले. तिच्या चाकापासून माझं चाक वीतभर. तिच्या टायरच्या कडेला चिकटलेलं एक गवताचं पातं प्रत्येक फेरीला चटचट वाजत होतं आणि त्या आवाजावर मी श्वास बांधला. जर्सीच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. थोड्या वेळाने तिने उजवं कोपर हलवलं, म्हणजे आता तुम्ही पुढे या. मी पुढे गेले, जमेल तेवढा वेळ ओढलं, बाजूला झाले. तिची पाळी लांब, माझी आखूड, पण पाळी चुकली नाही. मध्ये तिने खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली, गुळाचा खडा आणि शेंगदाणे, आणि अर्धं माझ्यापुढे धरलं. माझ्या खिशात शंभर-दीडशे रुपयांना एक मिळणारी, पिळून खायची एनर्जी जेल होती. मी तिचा गूळ घेतला, तिला जेल दिली. तिने ती दातांनी फोडली, चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि सगळी संपवली.

"एकटं एकटं दोघीबी मेलो असतो," एवढंच ती मध्येच बोलली.

मुंबईच्या बाईला हे अगदीच अनोळखी नाही. संध्याकाळी सीएसएमटीला लेडीज डब्यात शिरताना ज्या बाईच्या कोपराने आपल्या बरगड्या दुखतात, तीच आत गेल्यावर आपली पिशवी मांडीवर घेते. "कुठे उतरणार?" म्हणून विचारते, आपली सीट पुढच्या बाईला कबूल करून टाकते, आणि घाटकोपरला कुणाला चक्कर आली तर सगळ्यांत आधी पाण्याची बाटली तिचीच निघते. इतकी वर्षं मी या दोन बायका वेगळ्या समजत होते, एक भांडकुदळ आणि एक मायाळू. त्या रस्त्यावर वाऱ्यात चालवताना पहिल्यांदा असं वाटलं की तीच ती बाई आहे आणि तिला दोन्हींत काही विसंगत वाटत नाही. मात्र डब्यातल्या बाईला मी सीट दिली तर माझे पाय दुखतात, इतकंच. इथे बेरीज होती, क्रमांक होते, पाकीट होतं.

शेवटचा किलोमीटर आला. माझं डोकं नुसतं मोजत होतं. आता ही उठेल, पेडलवर उभी राहील आणि पाच-सात सेकंद घेऊन जाईल, आणि तो तिचा हक्कच आहे. ती उठली नाही. मीही उठले नाही. दोघी शेजारीशेजारी रेषेवरून गेलो आणि पंचांनी एकच वेळ लिहिली. १४ सेकंद जिथल्या तिथे राहिले.

लहानपणी मामाच्या घरी खोपोलीला मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला मिळायची. आम्ही पोरं घाट सुरू होतो तिथे रस्त्याच्या कडेला उभी राहायचो. आधी मोटारसायकल, मग जीप, मग एकदम चेनच्या घरघरीचा आणि ओरडण्याचा लोंढा. रेल्वेचे, सेनादलाचे, सांगली-मिरजेकडचे गडी, तोंडाला फेस आलेला, कुणीतरी बाजूने पळत डोक्यावर पाणी ओतणारा. घाट पहिल्यांदा चढून जाईल तो घाटाचा राजा, आणि आमच्यासाठी पुण्याला कोण जिंकलं यापेक्षा तो मोठा. मामा मात्र शेवटपर्यंत थांबायचा. राजा गेल्यावर गर्दी पांगायची, आम्ही घरी जायची घाई करायचो, आणि मामा म्हणायचा, अजून यायचेत. मग दहा-दहा मिनिटांनी दोघे, तिघे, एकटा. मला आठवतात ते दोघे. एकाची जर्सी निळी, एकाची पिवळट, म्हणजे वेगवेगळ्या संघांचे. आणि ते आळीपाळीने एकमेकांच्या पुढे येत चढत होते. मामाने दोघांसाठी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं होतं, यातला आपला कुठला? तो काय म्हणाला ते आठवत नाही. बहुधा काहीच म्हणाला नसेल, त्याला बोलायचा कंटाळा होता.

तिसरा दिवस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. रविवारी सकाळी काचेच्या इमारतींमधले रस्ते रिकामे असतात आणि छोट्या फेऱ्यांची शर्यत मारायला झकास. सुरक्षारक्षक खुर्च्या पुढे ओढून बसले होते. अशा शर्यतीत घोळका एकत्रच येतो, म्हणून एकूण वेळ बदलायची असेल तर बोनस सेकंद मिळवायचे. वाटेतल्या स्प्रिंटला पहिल्या तिघींना तीन, दोन, एक; शेवटच्या रेषेवर दहा, सहा, चार. २७ नंबरने पहिल्या स्प्रिंटला एक घेतला, दुसऱ्याला तीन. वळणावर गटाराच्या झाकणाची बाजू सगळ्या टाळत होत्या, ती तिथूनच आत घुसायची. मी घोळक्यात मागे होते, माझ्या पायांत तेवढा झटका नाही, आणि मला मनापासून वाटत होतं की तिने सगळे स्प्रिंट घ्यावेत आणि मनापासूनच वाटत होतं की घेऊ नयेत. हे दोन्ही एकाच वेळी, एकाच छातीत, ताशी पस्तीसच्या वेगाने. शेवटच्या रेषेवर ती दुसरी आली. सहा सेकंद. एक, तीन आणि सहा मिळून दहा. चौदातून दहा गेले.

पाकीट तिला द्यावं असं मनात आलंच होतं. दिलं नाही, आणि नाही दिलं तेच बरं. फोटो काढताना ती ज्या सरळपणे समोर उभी होती त्याचा तो अपमान झाला असता. नंतर चहा पिताना बोलणं झालं तेव्हा कळलं की ती रेल्वेच्या आणि सरकारी भरतीच्या खेळाडू कोट्यासाठी खटपट करते आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त राज्य, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांचीच प्रमाणपत्रं लागतात. आमच्यासारख्या हौशी शर्यतीचा कागद तिथे कामाचा नाही. ती आली होती घोळक्यात चालवायचा सराव व्हावा म्हणून, आणि जमलं तर बक्षिसासाठी. म्हणजे त्या रस्त्यावर, त्याच वाऱ्यात, तेच घड्याळ माझ्यासाठी हौस मोजत होतं आणि तिच्यासाठी पोटापाण्याचं काहीतरी. हौशी शर्यती वाढताहेत याचा मला आनंद आहे, पण त्यांत ज्या मुली खरोखर या खेळावर आयुष्य लावून बसल्यात त्यांच्यासाठी बक्षीस तिसऱ्या क्रमांकावर थांबतं आणि सायकलींतला फरक कुणी विचारातच घेत नाही. एखादा दिवस तरी सगळ्यांनी एअरोबारशिवाय टाइम ट्रायल द्यावी. तसं करणं अवघड नाही, नियमात एक ओळ घालायची आहे. मी आयोजकांना तसं लिहिलं आहे आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिहीन.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर मी विचारलंच, मुरबाडला शेवटच्या किलोमीटरला तू उठली का नाहीस? ती हसली. "कुठनं उठतोय ताई, पोटरीत गोळा आला होता. तुम्हीच उठाल म्हणून मी भीत होतो." मग थोडं थांबून, "तुम्ही का नाही उठला?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. पोटरीचं खरं असेल. माझ्या मनावर ओझं राहू नये म्हणूनही तिच्या गावाकडची माणसं असं बोलतात. मी दोन्ही शक्यता धरून ठेवल्या आहेत, एक सोडायची घाई नाही.

आता ती रेल्वेच्या निवड चाचणीला मुंबईला येते आहे, चाचणीत टाइम ट्रायलही आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने ये, कल्याणला उतर, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये बुक कर, मी गाडी घेऊन येते, असं ठरलं आहे. राहायला आमच्याकडे, लेकाने खोली दोन दिवसांसाठी सोडायचं कबूल केलं आहे आणि सासूबाईंनी गूळपोळ्या करायचं. आदल्या दिवशी येऊरला एक हलकी फेरी मारून पाय मोकळे करू. एअरोबार मी काढून ठेवलेत. काल तिला हॅण्डलचा मधला भाग दोऱ्याने मोजायला सांगितलं, कारण नवीन हॅण्डल ३१.८ मिलिमीटर जाड असतं आणि जुनं २६. दोऱ्याचा वेढा ८२ मिलिमीटरच्या आसपास आला, म्हणजे जुनं. अंगठीसारखी एक पत्र्याची शिम मध्ये घातली की माझे एअरोबार तिच्या हॅण्डलवर बसतील. ती मी मागवली आहे, गुरुवारपर्यंत येईल.